दाराजवळची खुर्ची

प्रिय भिंगरी,

बाबाचं पत्र पाहून तुझा हात लगेच फोनकडे जाईल, म्हणून आधीच सांगून टाकतो: घरी सगळे धडधाकट आहेत. आईचा गुडघा कुरकुरतोय आणि माझा खोकला त्याला साथ देतोय, म्हणजे नेहमीचंच. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर मी कसा बोलतो ते तुला ठाऊक आहे. जेवलीस का, ड्यूटी कधी, बरं, आईला देतो. एवढ्यात माझी शिदोरी संपते. कागदावर तसं होत नाही. लाकडाला रंधा लावण्याआधी त्याच्या रेषा कुठल्या बाजूला वळल्यात ते बघावं लागतं, नाहीतर ढलप्या उडतात. वाक्याचंही तसंच असावं. म्हणून आधी पेन्सिलीने लिहिलं, खोडलं, आणि आता शाईने उतरवतोय. आई मघाशी डोकावून गेली. "पत्र लिहिताय की कपाट करताय?" म्हणाली.

तू उत्तराची वाट बघते आहेस. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांच्या घरातून होकार आला की हॉस्पिटलची नोकरी सोडायची आणि कायमचं त्यांच्यात राहायला जायचं, हे तू आईला सांगितलंस. आईने ते मला सांगितलं नाही. मी पलीकडच्या खोलीत असताना मावशीला फोनवर सांगितलं, तेही एवढ्या मोठ्याने की मावशीकडे फोन नसता तरी तिला ऐकू गेलं असतं. त्या उत्तराकडे मी येणारच आहे. पण लहानपणी तू गोष्टीचं शेवटचं पान आधी उघडायचीस, तसं या पत्राचं करू नकोस. ओळीने वाच. बाबासाठी एवढं कर.

एक गोष्ट तुला माहीत नाही, तिथून सुरुवात करतो. जेवणघरातली दाराजवळची ती खुर्ची कुणासाठी करवून घेताहेत, हे मला ती करायला घेतली त्या दिवशीच कळलं होतं.

तू तिथे महिनाभर राहून आलीस, तरी खुर्च्यांची रीत तुला माझ्याइतकी ठाऊक नसणार. त्या टेबलाशी सिस्टर वयाप्रमाणे बसत नाहीत की हुद्द्याप्रमाणे बसत नाहीत. जी आधी आली ती वरच्या टोकाला, जी शेवटी आली ती दाराजवळ. घंटा वाजवायची, दारावर कुणी आलं की उठायचं, बाकीच्या जेवत असताना उभं राहून वाचून दाखवायचं, ही सगळी दाराजवळ बसणारीची कामं. नवी मुलगी आली की कामं तिच्याकडे जातात आणि आधीची एक जागा वर सरकते. खुर्ची मात्र ज्या त्या सिस्टरच्या मापाची, ती तिच्याबरोबर सरकते. आणि एखाद्या सिस्टरांनी डोळे मिटले की त्यांची खुर्ची दुसरीला देत नाहीत. मला निरोप येतो, "मिस्त्री, खुर्ची घेऊन जा." मी ती आणतो, वाफ देऊन सांध्यातला चिकट सरस सोडवतो, सांधे उकलतो आणि लाकूड निगुतीने रचून ठेवतो. पुढे कधी नवी मुलगी आली की त्याच लाकडातून तिची खुर्ची. खिळा नाही, स्क्रू नाही. खिळा मारला की लाकूड पुन्हा दुसरं काही व्हायला मोकळं राहत नाही. माझं हे वाक्य तू इतक्यांदा ऐकलंस की लहानपणी माझी नक्कल करून दाखवायचीस, कमरेवर हात ठेवून.

मला कुणी शिकवलं नाही, मोडक्या खुर्च्यांनी शिकवलं. तेही मी तुला शंभरदा सांगितलंय, पण पहिली मोडकी खुर्ची त्याच घरातली होती हे बहुतेक राहून गेलं. ती उघडून आतला सांधा बघितला आणि मला कळेना, की जो भाग कधी कुणाला दिसणार नाही तो एवढा साफ कशाला केला असेल? तेव्हापासून मी त्या घरचा. मीच कशाला म्हणशील, तर दिवाणखान्यात मिरवणाऱ्या खुर्च्या करणारे पुष्कळ आहेत. पण बसणाऱ्याला खुर्चीचा विसर पडावा अशी खुर्ची या गावात मी एकटा करतो. फुशारकी म्हण हवं तर. आई म्हणतेच.

धाकट्या सिस्टरांची खुर्ची मी त्या घरात नेलेली शेवटची. त्यांच्यानंतर मी खुर्च्या फक्त आणत राहिलो, नेली एकही नाही. त्यांच्यानंतर कुणी आलंच नाही, म्हणून डोक्यावरच्या कापडाखाली केस पांढरेशुभ्र झाले तरी त्या अजून धाकट्याच. भिंग घेऊन वाचून दाखवतात, आणि दारावर कुणी आलं की गुडघ्यावर हात टेकून उठतात. एकदा मी म्हटलं, "सिस्टर, मी दाराला दोरी लावून देतो, बसल्या जागेवरून ओढा." त्या म्हणाल्या, "दोरीने दार उघडेल हो मिस्त्री, पण आलेल्याकडे बघून हसणार कोण? दोरी?"

मुली याव्यात म्हणून त्यांनी काय केलं नाही! देव ज्याला त्याला आपल्या कामाला बोलावतो, त्याला त्या पाचारण म्हणतात. मी आईला चिडवायचो, की देवाने या पत्त्यावर बोलावणी धाडायचं बंद केलेलं दिसतंय. नव्या तरुण फादरांनी सल्ला दिला की पत्रकावर हसरे फोटो हवेत, हातात गिटार हवी. गिटार उसनी आणली. घराच्या प्रमुख असलेल्या मोठ्या सिस्टरांनी ती मांडीवर तान्हं बाळ घेतात तशी घेतली आणि फोटोत त्या गिटारीकडे काळजीने बघताहेत. पत्रकं ठेवायला चर्चच्या व्हरांड्यात मी एक स्टँड करून दिला. पत्रकं संपली तेव्हा मोठ्या आणि धाकट्या सिस्टरांना केवढा आनंद! उकाड्यामुळे म्हाताऱ्या बाया ती वारा घ्यायला उचलत होत्या, हे मी त्यांना सांगितलं नाही. शाळाशाळांतून जाऊन बोलल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर एका मुलीने विचारलं, केस कापावे लागतात का, आणि दुसरीने विचारलं, मोबाइल चालतो का. एक मुलगी आठवडाभर राहायला आली, तर परीक्षेच्या अभ्यासाला शांतता हवी म्हणून आलेली निघाली. दुसरी महिनाभर टिकली. सगळ्यांना वाटलं, हीच. तिच्या वडिलांनी तिच्या पसंतीच्या मुलाला होकार दिला आणि ती लग्नाची पत्रिका घेऊन हसत हसत निरोप घ्यायला आली. धाकट्या सिस्टर लग्नाला जाऊनही आल्या. "मुलगी गोड दिसत होती हो," म्हणाल्या, आणि खिडकीची कडी तपासायला लागल्या. ती मी आदल्याच आठवड्यात बसवली होती, तिला काहीही झालेलं नव्हतं.

ज्यांना फळीवर माल मांडता येत नाही त्यांनी दुकान काढू नये, असं मी घरी येऊन म्हणालो. आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दुकान नाही ते, घर आहे. घराला गिऱ्हाईक नको असतं, मूल हवं असतं." तुझ्या आईला मी उत्तर देत नाही असं नाही, माझं उत्तर सापडेपर्यंत ती उठून गेलेली असते.

मग तुझ्या मोठ्या रजेच्या आधी, तू दोन दिवस घरी येऊन गेलीस त्याच आठवड्यात, धाकट्या सिस्टर स्वतः कारखान्यात आल्या. आपल्या पत्र्याच्या शेडला कारखाना म्हणणाऱ्या जगात दोनच व्यक्ती, एक मी आणि दुसऱ्या त्या. हातात सुतळी. सिस्टरांची मापं पुरुषाने घ्यायची नाहीत असा तिथला दंडक, म्हणून मीच त्यांना मागे शिकवून ठेवलं होतं: मुलीला सपाट बाकावर बसवा, तळवे जमिनीला टेकलेले हवेत, जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत पहिली गाठ, पाठीपासून त्याच खळगीपर्यंत दुसरी, बाकापासून कोपरापर्यंत तिसरी. सुतळी माझ्या हातात देताना त्यांचा चेहरा असा, जणू एखाद्या पोरीने पहिला नंबर आणलाय. "एक मुलगी येणार आहे," म्हणाल्या, "पण कोण ते विचारू नका. ते तिनेच सांगायचं असतं, तिच्या तिच्या माणसांना." मी विचारलं नाही. सुतळी ताणून धरली आणि पहिल्या गाठीवरच अडलो.

तुझ्या उंचीच्या मानाने तुझा गुडघा उंच आहे. हे तुला माहीत असायचं कारण नाही, तू आरशात बघतेस. तू कॉलेजला होतीस तेव्हा मी तुझ्यासाठी अभ्यासाची खुर्ची केली होती. ती करताना दोन वेळा पाय बदलावे लागले, कारण तू एका जागी बसायचीसच नाहीस आणि माप घेता घेता निसटायचीस. खुर्ची करणाऱ्याच्या घरात देवाने भिंगरी घातली, असं मी सगळ्यांना सांगायचो. घरी गेलो, तुझ्या खोलीत वाकलो आणि सुतळी त्या खुर्चीला लावली. पहिली गाठ जुळली. दुसरी जुळली. तिसरीही जुळली. मागून आई म्हणाली, "काय हो, खुर्ची बाळंत होणार आहे का?" मी वळून बघितलं. ती हसत होती आणि तिचे डोळे हसत नव्हते. म्हणजे तिलाही माहीत होतं. कोण बोलणार आधी? मी सुतळी गुंडाळून खिशात ठेवली आणि तिने दिवा मालवला.

मुद्दाम वाईट खुर्ची करावी असं माझ्या मनात आलं. एक पाय किंचित आखूड, म्हणजे ती डुगडुगेल, तुझं मन उडेल आणि तू परत येशील. पोरकट विचार आहे, पण पोर जात असली की बाप पोरकट होतो. लाकूड हातात घेतल्यावर मात्र हात माझं ऐकेनात. पुढचे पाय मी स्वयंपाक बघणाऱ्या सिस्टरांच्या खुर्चीचे घेतले. तू लहान असताना त्या तुला खिडकीतून पावाची कड द्यायच्या. पाठ घेतली आधीच्या मोठ्या सिस्टरांची, त्या वाकल्या तरी त्यांची खुर्ची सरळ राहिली होती. हात घेतले त्या शिवण शिकवणाऱ्या सिस्टरांचे, ज्यांना तू घाबरायचीस. सगळ्यांचं लाकूड वेगवेगळ्या रंगाचं, ते एका छटेत आणायलाच मला जास्त वेळ लागला. तू रविवारी जेवणानंतर, "बाबा, मला काहीतरी सांगायचंय," म्हणालीस तेव्हा पॉलिशचा शेवटचा हात सुकत होता. मी वर्तमानपत्र खाली घेतलं नाही. तुला वाटलं मी रागावलो. मी रागावलो होतोच, पण वर्तमानपत्र त्यासाठी वर धरलं नव्हतं.

आई त्या रात्री एवढंच म्हणाली, "जगाला बसायला खुर्च्या दिल्यात, आता पोरगी उठून निघाली तर तुम्हाला बघवत नाही."

तू तिथे राहायला गेलीस. मी सगळ्या सबबी काढून तिथे यायचो, हे तू ओळखलं असशील. बिजागऱ्या, कड्या, कपाटाचा खण. पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणाची घंटा तू वाजवलीस, तेव्हा मी व्हरांड्यात होतो. दारावर पाववाला आला. धाकट्या सिस्टर सवयीने अर्ध्या उठल्या, मग त्यांना आठवलं की आता उठायचं नाही. तू पळत गेलीस. त्या पुन्हा बसल्या. पुन्हा कुणीतरी आलं, पुन्हा त्या अर्ध्या उठल्या, आणि टेबलाशी बसलेल्या सगळ्या म्हाताऱ्या तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. "बसा हो, आता तुम्ही मोठ्या झालात," असं मोठ्या सिस्टर म्हणाल्या. त्या हसण्याचा आवाज मी त्या घरात पूर्वी कधी ऐकला नव्हता. असा आवाज आपल्या पोरीमुळे होतो, आणि आपण तोंड फुगवून बिजागरी बसवतोय, असं माझं मला वाटलं.

पण माझं मन खरं वळलं ते आजारी बायकांच्या खोलीपाशी. तिथल्या खिडकीची झडप उतरवून पुन्हा बसवायची होती. आत एक बाई शेवटच्या घटका मोजत होती, तिचं म्हणे कुणीच नव्हतं. कुणीही एकटं मरू नये, मरणाऱ्याजवळ कुणीतरी बसलेलं असावं, हेच तर त्या सिस्टरांचं मुख्य काम. तिच्याजवळ तू बसली होतीस. काही करत नव्हतीस. औषध नाही, उशी सारखी करणं नाही, नुसता तिचा हात तुझ्या हातात. मी झडप उतरवली, तासली, तेल घातलं, पुन्हा चढवली, पुन्हा उतरवली; दुसऱ्यांदा उतरवायची काही गरज नव्हती. तू हललीसुद्धा नाहीस. माझी भिंगरी. जिच्यासाठी केलेल्या खुर्चीचे पाय दोनदा बदलावे लागले, ती एका साध्या स्टुलावर अशी बसली होती की तिला स्टुलाचा विसर पडला होता. आईला तू सांगितलं होतंस, "हॉस्पिटलमध्ये मी सगळ्यांजवळून धावत जाते गं, इथे मला थांबता येतं." ते तेव्हा मला पटलं नव्हतं. खिडकीतून पटलं.

आणि खरं सांगू? त्यात माझा स्वार्थही होता. तुझं ते घर आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी मनात हिशेब घातला: लग्न करून गेली असती तर दूर गेली असती, ही तर हाकेच्या अंतरावर राहील. बिजागऱ्या काय, जन्मभर सैल होतच असतात. देवाजवळ मी आधी मागत होतो की त्यांनी तुला नको म्हणावं. ते मागणं मी परत घेतलं. पण देवाकडे मागणं परत घ्यायची काय पद्धत असते ते मला माहीत नाही. बहुतेक आधीचंच पोचलेलं होतं.

तू नोकरीवर परत गेल्यावर थोड्याच दिवसांनी निरोप आला. "मिस्त्री, खुर्ची घेऊन जा."

मी हातातली पटाशी तशीच ठेवून निघालो. त्या निरोपाचा एकच अर्थ मला ठाऊक होता. वाटेत मी एकेकीचा चेहरा आठवत गेलो, कोण गेलं असेल? दार धाकट्या सिस्टरांनी उघडलं, म्हणजे त्या नव्हत्या. आतून आणखी एका सिस्टरांचा ओळखीचा खोकला ऐकू आला, म्हणजे त्याही नव्हत्या. मोठ्या सिस्टर जेवणघरात उभ्या होत्या, तुझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. म्हणाल्या, "ही." मला वाटलं काहीतरी सुटलंय. माझ्या खुर्चीत! मी ती तिथेच उलटी केली, चारही सांधे अंगठ्याने दाबून बघितले, उजेडात धरली. म्हटलं, "सिस्टर, काय सुटलं? मला तर काही दिसत नाही." त्या म्हणाल्या, "काही सुटलं नाही मिस्त्री. बसा तुम्ही." आणि मी बसलो तो तुझ्याच खुर्चीवर, माझे गुडघे हनुवटीला लागले.

भिंगरी, त्यांनी नाही म्हणायचं ठरवलंय.

तुझ्यात काही कमी आहे म्हणून नाही, हे मला त्यांनी तीनतीनदा सांगितलं. तू गेल्यानंतर त्यांच्यातल्या आणखी दोघी अंथरुणाला खिळल्या, ते तुला कळलं असेल. मग सगळ्या मिळून बसल्या. मोठ्या सिस्टर जे बोलल्या ते जसंच्या तसं लिहितो. "ती आली तर पहिल्यांदा मला उचलून बसवायला शिकेल, मग हिला, मग तिला. एकेक खुर्ची तुमच्याकडे पाठवत राहील. शेवटी एवढ्या मोठ्या टेबलाशी एकटी. घंटा कुणासाठी वाजवणार ती? तिला तिच्या बरोबरीच्या बहिणी हव्यात मिस्त्री. भांडायला, हसायला, चुकायला. इथे नुसत्या आज्या आहेत. इतकी वर्षं आम्ही मूल मागितलं, आणि ते आलं तेव्हा कळलं की आम्ही म्हातारपणाची काठी मागत होतो. काठी म्हणून कुणाची पोर घ्यायची नसते." मग म्हणाल्या, "घाई माझीच झाली. खुर्ची होकारानंतर करायची असते. मी आधी करायला सांगितली. इतक्या वर्षांनी मुलगी दिसली, राहवलं नाही हो."

आता इथून पुढे त्या कुणालाच घेणार नाहीत. गिटारवाली पत्रकंही काढून टाकली. मी विचारलं, धाकट्या सिस्टर काय म्हणाल्या? मोठ्या सिस्टर खिडकीबाहेर बघायला लागल्या. धाकट्या सिस्टर एकट्याच म्हणे तुझ्या बाजूने बोलल्या, "ती येईल तर मी तिला माझ्या वाटची सगळी वर्षं हसवीन," असं काहीतरी. बाकीच्यांनी ऐकून घेतलं. मग प्रार्थनेची वेळ झाली, आणि घंटा वाजवायला त्याच उठल्या.

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? जे मागितलं ते पदरात पडलं. मी ती खुर्ची खांद्यावर घेऊन भर दुपारी रस्त्याने घरी आलो, आणि ओळखीचे लोक विचारत होते, "कोण गेलं हो सिस्टरांपैकी?" कोण गेलं म्हणून सांगू? मी म्हटलं, कुणी नाही. घरी आलो तर आई दारात. खुर्ची बघितली आणि तिने पदर तोंडाला लावला. आणि मी समजत होतो, ही तुझ्या बाजूने आहे म्हणून खंबीर आहे.

आणखी एक आहे, ते लपवलं तर मी कसला कारागीर. याच सिस्टरांचं आणखी एक घर आहे, लांब, दोन दिवसांच्या प्रवासावर. तिथे शिकायला आलेल्या तुझ्या वयाच्या मुली आहेत आणि शिकवणाऱ्याही अजून धडधाकट आहेत. मोठ्या सिस्टरांनी त्यांच्याशी बोलून ठेवलंय. तुझी इच्छा असेल तर. तिथून वर्षातून एकदाच घरी येता येतं आणि तिथल्या बिजागऱ्या दुसराच कुणी मिस्त्री बघत असेल. मी तुला जा म्हणत नाही, थांबही म्हणत नाही. पण त्या खिडकीतून मी जे बघितलं ते बघितलं. हॉस्पिटलात राहिलीस तरी तू माझीच, आणि तिकडे गेलीस तरी मी आता तोंडासमोर वर्तमानपत्र धरणार नाही, एवढं लिहून देतो.

आता हे पत्र आजच का लिहिलं ते सांगतो. येत्या रविवारी मोठ्या सिस्टर आणि धाकट्या सिस्टर स्वतः तुझ्याकडे यायला निघणार आहेत. असं उत्तर फोनवर द्यायचं नसतं, म्हणाल्या. या वयात एवढा प्रवास, आणि तोही पोरीला नाही म्हणायला. त्या वाटेत ते वाक्य शंभरदा घोळवतील आणि तुझ्यासमोर त्यांच्या तोंडातून ते फुटणार नाही. म्हणून त्यांना विचारून मी आधी लिहिलं. रडायचं ते त्या येण्याआधी रडून घे. त्या आल्या की दार तू उघड, धाकट्या सिस्टरांना आधी बसव, आणि त्यांना ते वाक्य बोलायला लावू नकोस. म्हण, बाबाने सांगितलंय. त्यांच्याबरोबर गोणपाटात बांधलेलं एक गाठोडं असेल, हमालाला नीट उतरवायला सांग. तुझी खुर्ची आहे ती. मी सगळे सांधे वाफेने सोडवले, प्रत्येक सांध्यात भोक पाडलं आणि बोल्ट घातले. होय, मीच. आई बघत उभी होती, तिने चेष्टासुद्धा केली नाही. पाय, पाठ, हात, सगळं सुटं होतं आणि कुणालाही जोडता येतं. पाना पाठीच्या फळीला बांधलाय. आता ती कुठेही नेता येईल. जिथे थांबशील तिथे जोड, आणि बोल्ट दर वर्षी एकदा आवळून घे, ते सरसासारखे आपणहून धरून ठेवत नाहीत.

तुझाच, खिडकीबाहेर उभा असलेला,
बाबा